जावयाची कंबर

"दादा, ठेव ते तूप खाली! मानूस मारून राह्यला का तू?"

बहीण स्वयंपाकघरातून अशी ओरडली की पुसदच्या स्टँडवर उभ्या असलेल्या बसगाड्यांनीही ब्रेक लावले असतील. मी भाऊजींच्या ताटापुढे उकिडवा बसलो होतो. एका हातात तुपाचा गडवा, दुसऱ्या हातात पुरण भरलेला आणखी एक धोंडा.

"अवं, अधिक महिना हाय," मी म्हणालो. "तीन वर्षांनी येते. जवायाले अर्धपोटी उठवू काय?"

"त्यायची शुगर पाह्यली काय तू?"

"शुगर पोटात राह्यते. पोट कुठाय, दाखव मले!"

खरंच नव्हतं. आमच्यात धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवू घालून नवा कपडा करतात. दर वेळी भाऊजींना शिंप्याकडे मीच नेतो, म्हणून त्यांच्या कमरेचा इतिहास मला तोंडपाठ. साठी उलटली तेव्हा शिंप्याला शेजारच्या दुकानातून दुसरा टेप आणून जोडावा लागला होता. पुढच्या धोंड्यात तर पोट आधी घरात शिरलं आणि भाऊजी चहा होऊन गेल्यावर आले. त्या वर्षी बीपीची गोळी सुरू झाली. त्याच्या पुढच्या खेपेला शुगर निघाली, रक्तात चरबी निघाली, आणि बहिणीनं त्यांच्या फुलसावंगीच्या घरातून साखरेचा डबाच हद्दपार केला.

आणि औंदा पाहतो तर माणूस सडसडीत! पँट कमरेला दोरीनं बांधलेली. मला कोण आनंद झाला. पोटाबरोबर आलेला रोग पोटाबरोबर गेला, असा हिशेब मी घातला आणि तीन वर्षांची कसर एका पंगतीत भरून काढायला बसलो. बहिणीला हसण्यावारी नेलं. तुपाची धार अशी सोडली की भर उन्हाळ्यात पूस नदीला पूर यावा. भाऊजी मान खाली घालून जेवले.

दुपारी ते पाणीच मागत राहिले. रांजण रिकामा झाला म्हणतो, त्यात आज तिखटमीठ लावलेलं नाही. मग खाटेवरून उठताना तोल गेला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांचा दंड चिमटीत धरून मला दाखवला. "हे बारीक होणं चांगलं नाही, काका. अंगातलं मांस गेलंय. शुगर कित्येक महिने वाढलेली असणार. या वयात वजन उतरलं म्हणजे दुखणं उतरलं, असं नसतं. पोट दिसेना म्हणून तुम्ही निर्धास्त झालात."

एरवी चार माणसं जमली की मी माझी वाघाची गोष्ट काढतो. त्या गोष्टीतला वाघ दर वर्षी हातभर वाढतो. त्या दिवशी तोंडातून वाघ निघेना. बहीण सलाईनच्या थेंबांकडे बघत बसली होती. ती परत ओरडली असती तर मी तिच्या पाया पडलो असतो.

संध्याकाळी भाऊजींना हुशारी आली. मी स्टूल ओढून जवळ बसलो.

"भाऊजी, तुमाले मालूम होतं नं, हे खायचं नाई म्हणून?"

"होतं."

"मंग काहून खाल्लं?"

त्यांनी पायावरची चादर नीट केली.

"नाई म्हटलं असतं, त तुमी रुसले असते."