एकसारखे दिसलेले दोन ए

गणिताच्या पुस्तकात नक्षीदार अक्षर हौसेखातर येत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. साधा ए म्हणजे एक संच आणि वळणाचा ए म्हणजे तसल्या संचांचं अख्खं कुळ, एवढं तर मी झोपेतही सांगितलं असतं. नागपुरात सक्करदऱ्याच्या घरात पुढच्या खोलीत बसून मी इतकी वर्षं गणिताची पुस्तकं आणि प्रबंध छपाईसाठी संगणकावर जुळवते आहे. त्यामुळे मला माहीत नव्हतं, ही सबब मला सांगता येत नाही.

माझी सुरुवात मात्र लग्नपत्रिकांपासून झाली. नवरा-नवरीच्या नावांना वळसे काढता काढता हात तयार झाला आणि वळशांचा सोस जडला. पुढे गणिताकडे वळले तरी तो सोस काही सुटला नाही. कुठे एखादं कुरळं अक्षर दिसलं की बोटं शिवशिवायची. प्रबंध लिहिणाऱ्या मुली म्हणायच्या, मॅडम, तुमची पानं किती सुंदर दिसतात. मला तेवढंच पुरे असायचं, आत काय लिहिलंय ते त्यांचं त्यांना.

ही गोष्ट ज्या सरांची, ते कामठीचे. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले, सत्तरीच्या पुढचे. दर रविवारी ते घरी वर्ग घ्यायचे, त्यात सावनेरपर्यंतची मुलं यायची. मुलं हुशार, पण इंग्रजी वाक्यापाशीच त्यांचा दम संपायचा. म्हणून सरांनी एमएस्सीच्या एका अवघड पेपरचं पुस्तक मराठीत लिहायला घेतलं होतं आणि सात वह्या भरल्या होत्या. त्या कापडी पिशवीत घालून, दोन ऑटो बदलून ते माझ्याकडे आले.

पहिल्याच दिवशी त्यांनी वही उघडून दोन अक्षरांवर बोट ठेवलं. दोन्ही ए. एकाला एक वळण, दुसऱ्याला दोन आणि मागे लांब शेपटी.

"हे पाह्य," ते म्हणाले, "हा एकेरी वळणाचा, हे लहान कुळ. हा दुहेरी, हे मोठं. लहान मोठ्याच्या पोटात राहते. सारं पुस्तक या दोघायच्या फरकावर उभं आहे. तेवढं सांभाळजो वं."

मी सांभाळलं. आम्ही वापरतो त्या प्रोग्रॅममध्ये अक्षर हाताने काढत नाहीत, त्याचं रूप कोडमध्ये लिहून द्यावं लागतं. मी एकेरी वळणाला एक फॉन्ट दिला, दुहेरीला दुसरा. दोनशे पानं जुळली. सगळं नीट होतं, आणि तिथेच हात आवरायला हवा होता.

पण तो एकेरी ए मला डाचायला लागला. सरळसोट, कोरडा, सरकारी शिक्क्यासारखा. एवढ्या चांगल्या पानावर तो मला बघवेना. मग मी फाइलच्या डोक्यावर एक ओळ घातली, की एकेरीसाठीही जरा डौलदार फॉन्ट घे. पान असं उजळलं की मी चहा करून आणला आणि नुसती बघत बसले. एकच अडचण होती. नवं अक्षर उंच होतं. मराठी ओळीत ते शिरोरेषेच्या वर डोकं काढायचं आणि वरच्या ओळीतल्या उकारांना जाऊन टेकायचं. तेव्हा ते लहान करणं आलं. नव्वद टक्के केलं तर अशक्त वाटे, पंच्याण्णव केलं तर पुन्हा डोकं वर. मी पानं छापून भिंतीला चिकटवली, दारात उभी राहून पाहिली. तीन दिवस हेच केलं. शेवटी ब्याण्णववर मन बसलं.

त्या तीन दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. डौलदार म्हणून मी जो फॉन्ट उचलला होता, तो दुहेरीला आधीच दिलेला होता. दोन्ही ए एकच झाले होते. लहान कुळ मोठ्याच्या पोटात असतं, असं सर सिद्ध करत होते, आणि माझ्या पानावर ए हा ए-च्या पोटात बसला होता. दोनशे पानं, आणि प्रत्येक पानावर हेच. मी उंची मोजत राहिले, अक्षर पाहिलंच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तसंच प्रूफ मी सरांना पाठवलं. आठवड्याने ते भर दुपारी आले. पाणी प्यायले, भिंग काढलं, ते पानावर धरलं, चष्मा काढला, परत घातला. त्यांना साखरेचा त्रास होता आणि डोळ्यांची धास्ती त्यांनी आधीपासूनच घेतली होती.

"काहून वं," ते हळूच म्हणाले, "मले हे दोन्ही ए सारखेच दिसून राहिले. वेगळेच आहेत न?"

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं आणि एका क्षणात मला सगळं कळलं. ती ओळ खोडायला पाच मिनिटं लागली असती. सर, माझी चूक झाली, एवढं म्हणायला तर अर्धं मिनिटही नको होतं. पण नागपुरात गणित असं कुणी जुळवत नाही, हे मी त्यांना मागच्याच भेटीत नाक वर करून सांगितलं होतं.

"वेगळेच आहेत सर," मी म्हटलं. "साध्या प्रिंटरवर काढलं न, म्हणून तसं दिसून राहिलं. छापल्यावर स्पष्ट दिसेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पानाकडेच पाहत राहिले. मग भिंग खिशात ठेवलं आणि म्हणाले, "मंग माहेच डोळे." माझेच डोळे. मी चहाचं विचारलं, तेही नको म्हणाले. ते फाटकाबाहेर पडले आणि रस्ता ओलांडण्याआधी बराच वेळ उभे राहिले. आधीच्या खेपेला ते असे थांबले नव्हते.

ते गेल्यावर मी ती ओळ खोडली. दोन्ही ए वेगळे झाले. पानं थोडी सरकली, ती संध्याकाळपर्यंत बसवली, एकेक सूत्र सरांच्या वहीशी ताडून पाहिलं. पुस्तक निर्दोष झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाशी म्हटलं, आणि चूक निस्तरली म्हणजे खोटंही निस्तरलं, अशी स्वतःची समजूत घालून घेतली.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. "छापायले पास कर तू. पुढचं प्रूफ मी पाहत नाही. डोळे साथ देऊन नाही राहिले." तेव्हा सांगता आलं असतं. समोरासमोर नव्हतो, त्यामुळे उलट सोपं होतं. मी म्हटलं, "बरं सर." त्या दोन शब्दांची मला आजही शरम वाटते, पहिल्या खोट्याहून जास्त. पहिलं घाबरून तोंडातून गेलं होतं, हे मी विचार करून बोलले.

पुस्तक छापून आलं तेव्हा प्रती घेऊन मी कामठीला गेले, मुद्दाम रविवारी. मुलांच्या हातात पुस्तक पाहावं आणि मनावरचं ओझं थोडं उतरावं, असा माझा स्वार्थी हिशेब होता. पण ओसरीवर एकही चप्पल नव्हती. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. दार सरांच्या बायकोने उघडलं.

"वर्ग तं बंद केला त्याइनं," त्या म्हणाल्या. "फळ्यावर एकाचं भलतंच वाचलं तं पोरायचं नुकसान होईन म्हणे. मी म्हटलं, सकाळचा पेपर तं बरोबर वाचता. पण आयकते कोण?"

सर आत खुर्चीवर बसले होते. मी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी मुखपृष्ठावरून हात फिरवला, उघडलं मात्र नाही. छान झालं म्हणाले. मी उभीच होते. बसायला सांगितलं तरी बसवेना.

"सर, त्या दिवशी ते दोन्ही ए सारखेच होते," मी म्हटलं. "तुमच्या डोळ्यांनी बरोबर पाहिलं होतं. मी फॉन्ट बदलला त्यात चूक झाली, आणि मी खोटं बोलले. तुम्ही गेल्यावर दुरुस्त केलं. पुस्तकात ते वेगळे आहेत."

त्यांनी मांडीवरचं पुस्तक नीट सरळ केलं. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या आनंदाने घेतल्या असत्या.

"डॉक्टरकडे गेलो होतो मी," ते म्हणाले. "तो म्हणे, चष्म्याचा नंबर तोच आहे, काही वाढलं नाही. मी म्हटलं, त्याले काय समजते, त्याले कुठं गणित पाहा लागते. तुह्यावर जास्त भरोसा होता मले."

मला रडू आलं. त्यांच्यासमोर रडायचा मला हक्क नव्हता, म्हणून मी खाली पाहत राहिले. सावनेरच्या मुलांचं काय, असं विचारायचं धाडसही झालं नाही. परीक्षा दोन महिन्यांवर होती. त्यांनी दुसरा कुणी शिकवणारा शोधला असेल किंवा नसेल.

सरांनी पुस्तक उघडलं. मधलंच एक पान काढलं, चष्म्याजवळ आणलं, मग हात लांब करून धरलं. एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे दोन्ही ए शेजारी शेजारी होते, एकेरी आणि दुहेरी, खिडकीच्या उजेडात अगदी स्वच्छ.

"हे वेगळे आहेत न?" त्यांनी विचारलं.

"हो सर," मी म्हटलं.

ते माझ्याकडे पाहत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवून बायकोला हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या. सरांनी पान त्यांच्यापुढे धरलं.

"हे दोन अक्षर पाह्य वं. सारखे आहेत का वेगळे?"

"वेगळे आहेत," त्या म्हणाल्या. "ह्याले शेपूट आहे."

"पक्कं?"

"हो, पक्कं."

तेव्हा कुठे त्यांनी पान उलटलं.