मेहताबचा नेम, गोजरबाईचा नवस

"नवी बांगडी तिच्या हातात जायची न्हाई म्हंजे न्हाई!"

"मंग बोडका हात घिऊन बसव तिला कोपऱ्यात!"

"मेहताब, जीभ आवर! भरल्या घरात काय बोलतीस?"

"मी बोलले तर आभद्र, आन् तू नवस बोललीस ते काय गं?"

खर्ड्याजवळच्या एका वाडीत, गोजरबाईच्या ओसरीवर हे चाललं होतं. दिवाळी कोरडीच गेली होती. बाहत्तर सालचा दुष्काळ, अंगणातला रांजणसुद्धा उपडा घातलेला. मेहताबने बांगड्यांच्या माळा पोत्यावर मांडल्या होत्या आणि त्यांच्यापुढे मांडी ठोकून ती वकिलासारखी बसली होती. समोर गोजरबाई, कमरेवर हात. आणि मधे, जिच्या हातावरून रण पेटलं होतं ती सून रतनबाई. तिचा उजवा हात मोकळा. डाव्या मनगटाला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, आणि त्या चिंधीखाली एकच एक हिरवी बांगडी.

रतनचा नवरा बन्सी फौजेत होता. गेल्या मार्गशीर्षात लढाई झाली तेव्हा 'बेपत्ता' अशी तार आली. फाल्गुनात मढीची यात्रा भरली तशी गोजरबाई उठली, कानिफनाथाच्या पायरीवर डोकं टेकलं आणि बोलून गेली, "नाथा, माझा बन्सी उंबऱ्याच्या आत पाय टाकीपर्यंत सून हातात नवी बांगडी घालायची न्हाई." तेव्हा रतनचे दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले होते. गोजरबाईला वाटलं, चार-सहा महिने सहज निघतील.

पण पाऊस आला नाही. सरकारने दुष्काळी कामं काढली आणि रतन खडी फोडायला गेली. हातोडा जाणतो का नवस? रोज एखादी बांगडी पिचून वाढायची. आता उरली ती ही एक. ती जपायची म्हणून रतन डावा हात पदरात घेऊन बसायची आणि एकाच हाताने हातोडा मारायची. दगड उडे, खडी होईना. मुकादम म्हणाला, "बाई, दोन हातांनी काम करायचं तर ये." आणि ही बांगडी फुटली तर? बन्सी जिवंत असला तरी बाया कुजबुजणार, हात बोडका झाला, आता काय राहिलं!

तसा तो जिवंत होता. चैत्रात रेडक्रॉसचं कार्ड आलं होतं. राधाकृष्ण गुरुजींनी ते अख्ख्या वाडीसमोर वाचलं. बन्सीला पाकिस्तानात कैद झाली होती, तो बरा होता, दाढ दुखत होती.

"दुश्मनानं पत्र लिहू दिलं?" गोजरबाईचा नवरा छगनतात्या चक्रावले होते.

"द्यावंच लागतं, तात्या. कैदी झाला तरी माणूसच. त्याला घरी खुशाली कळवायचा हक्क आहे. दोन्ही सरकारांनी तशा सह्या केल्यात."

मेहताब तेव्हा गर्दीत होती. ती पटकन म्हणाली, "म्हंजे सरकारं दोन जावा म्हना की. चूल येगळी, भांडान रोजचं, पर एकीचं पोर दुसरीच्या अंगनात पडलं तर उचलायचं, येवढा नेम पाळायचा."

गुरुजी हसले. म्हणाले, "चाची, मला वर्गात इतकं सोपं सांगता येत नाही."

मेहताब खर्ड्याची मणेरीण, दारोदार बांगड्या भरणारी. तिचा नवरा नूरुद्दीन तरुणपणीच गेला. त्याचं गाठोडं तिने उचललं ते डोक्यावरून उतरवलंच नाही. वाडीवस्तीची एकही पोर अशी नव्हती जिच्या लग्नाचा चुडा तिने भरला नव्हता. तिची भरायची तऱ्हा बघण्यासारखी. पोरीचा अंगठा तळव्यात दुमडायची, बोटांचे सांधे लोण्यासारखे दाबायची आणि तोंडाने एकसारखी बडबड. "तुझ्या दिराची म्हैस व्याली का? आन् दीर?" पोर फिसकन हसली की हात सैल पडायचा, बांगडी सरकन आत. रडून कुणी चुडा भरला असं तिच्या राज्यात झालं नाही.

तिच्या सासूने तिला एक नेम घालून दिला होता. मणेरणीचा हात भरण्यासाठी, काढण्यासाठी नाही. भरलेली बांगडी आपल्या हाताने कुणाच्या मनगटातून उतरवायची नाही, लाख कारण असो. मेहताबने तो असा पाळला की कुणाच्या घरून रडण्याचा आवाज आला तर, बांगड्या उतरवायला हाक येऊ नये म्हणून, ती वाट बदलून जायची.

खडीच्या कामावर एकदा मुकादमाने तिला डिवचलं होतं, "चाची, तिकडं तुमचीच माणसं. सांगा की त्यांना, सोडा म्हणावं बन्सीला."

मेहताबने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. "माझी मानसं? ती बघ, सगळी हितं खडी फोडत्यात. एकेकीचा हात बघ. हाय का एक तरी बांगडी दुसऱ्या कुनी भरलेली?"

मुकादमाने तोंडातली तंबाखू थुंकली आणि हजेरी घ्यायला लागला.

तर त्या दिवशी ओसरीवर दोघीही हटेनात.

"आषाढात सिमल्याला सरकारं बसली," गोजरबाई म्हणाली. "कैदी सोडू म्हनाली. कुठं सोडले? शिवेवरच्या एका रेघंवर घोडं आडलंय म्हनं. आन् आशा टायमाला मी नाथाचा बोल मोडू? तिकडं त्याला काय झालं म्हंजे?"

"बोल मोडू नको गं बाई. पर त्या पोरीचा हात बघ. उद्या दगडाची येक कपची उडाली..."

"मला दिसत न्हाई व्हय? रातभर डोळा लागत न्हाई माझा!" गोजरबाईचा आवाज एकदम चिरकला. कमरेवरचे हात खाली आले. तिच्या मनगटांत जुन्या हिरव्या बांगड्या होत्या, घासून घासून कडा गुळगुळीत झालेल्या. त्या वाजल्या.

मेहताब त्या बांगड्यांकडे बघत राहिली.

"गोजरे, नवस काय बोललीस? नीट सांग. शबुद न् शबुद."

"नवी बांगडी घालायची न्हाई."

"कुनी?"

"सुनंनी."

"आन् जुनी?"

गोजरबाईने आपल्याच हातांकडे पाहिलं. "ह्या? अगं, ह्या निघत्यात का आता? मनगट बघ माझं, मुसळावानी झालंय. आन् काढायचं कुनी? तूच तर म्हनतीस मणेरीण काढत न्हाई."

बाहेर छगनतात्या बैलाला पालापाचोळा घालत होते, त्यांचा हात थांबला. मेहताबने एक हिरवी माळ उचलली, खाली ठेवली, परत उचलली.

"तू नाथाच्या बोलातनं वाट काढलीस तर मी माझ्या सासूच्या नेमातनं काढीन," ती शेवटी पुटपुटली. "येकीच्या हातातून सरळ दुसरीच्या हातात. मधी भुईला टेकवायची न्हाई. मंग त्ये काढनं न्हाई, त्ये भरनंच. सासू वर भेटंल तवा मी बोलून घीन. रतन, करडीचं तेल आन थेंबभर."

रतनने बाटली उलटी धरली. थेंबभरच होतं.

मेहताबने गोजरबाईचा हात मांडीवर घेतला. "मूठ वळू नको. ढिला सोड. आन् शिव्या दे."

"कुनाला?"

"कुनालाबी. पोरी हसल्या की हात सुटतो, म्हाताऱ्यांचा शिव्या दिल्या की सुटतो."

गोजरबाईने आधी मुकादमाला घेतलं. मग न पडलेल्या पावसाला. मग दिल्लीला, मग रावळपिंडीला, मग त्या रेघेला आणि रेघ ओढणाऱ्याच्या सात पिढ्यांना. "मुडद्यांनो, बसून बसून बुडाला घट्टे पडले आस्तील, सोडा की लेकरं आयांची!" पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडावरून अख्खीच्या अख्खी बाहेर आली. छगनतात्या खांबाआड तोंड लपवून हसत होते.

"दात काढू नका!" गोजरबाई ओरडली आणि दुसरी निघाली.

रतनने हात पुढे केले. सासूच्या बांगड्या तिला सैल झाल्या, कोपराकडे वर सरकल्या आणि तिथे घट्ट बसल्या. मेहताब खूश झाली. "बग! हातुडा हाताच्या टोकाला, बांगडी वर. आता फोड खडी, किती फोडायची त्ये." मग तिने गोजरबाईचे रिकामे झालेले हात नव्या कोऱ्या हिरव्या बांगड्यांनी भरले. नवस सुनेचा होता, सासूचा नव्हता. रिवाजाप्रमाणे वर एक जास्तीची घातली. गोजरबाईने पदर सावरून मणेरणीला वाकून नमस्कार केला आणि वाकल्या वाकल्या म्हणाली, "लबाड हायस."

दुसऱ्या दिवसापासून रतन दोन्ही हातांनी खडी फोडू लागली. मुकादमाने तिची पुरी हजेरी मांडली.

डिसेंबर लागला आणि पंचायतीच्या रेडिओवर सांगितलं, दोन्हीकडचे कैदी वाघा सरहद्दीच्या फाटकातून आपापल्या देशात गेले. मग अमृतसरहून तार आली, बन्सी सुखरूप. आणि एका सकाळी छगनतात्या त्याला आणायला नगरला गेले. जामखेडहून दुपारची एसटी फाट्यावर येणार होती.

मेहताब त्या दिवशी गाठोडं न घेता आली. ओसरीवर बसते न बसते तोच सुरू झालं.

"नाथानं आनला माझा लेक," गोजरबाई म्हणाली. "नवस फळला."

"नाथानं आनला, खरं हाय. पर फाटक कुनी उघडलं? दोन सरकारांनी. आपापला हेका थोडा थोडा सोडला तवाच उघडलं न्हवं?"

"हां, सरकार! माझ्या शिव्या लागल्या त्येंना."

"आन् ह्या हातानं तुझं मनगट मोकळं केलं, त्याचं कायच न्हाई?"

"तुझं बी हाय. पर आधी नाथाचं!"

"बरं, तिलाच इचारू. ए रतन, तू सांग. कुनामुळं आला गं बन्सी?"

"व्हय, सांग. घाबरू नको मला," गोजरबाई म्हणाली.

रतन चुलीपाशी उभी होती. तिने पदराने तोंड पुसलं, केसांवरून एकदा हात फिरवला. दोघी म्हाताऱ्या माना वर करून तिच्याकडे बघत होत्या. तिने पायांत वहाणा सरकवल्या आणि दोघींच्या मधून वाट काढत ती फाट्याकडे निघून गेली.