शेजारची सीट

माझ्या दादाला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, बैठक राहते. गाडीची सीट उसवली की तो सांगतो, हा गृहस्थ मागच्या खिशात पाकीट ठेवतो, ही बाई ब्रेक दाबताना घाबरते, या दोघांचं सध्या पटत नाही. चाळीस वर्षं तो सीटा भरतोय, आणि तीस वर्षं मी त्यांची कव्हरं शिवतेय. दुकान खाली, दोन खोल्या वर. लोक त्याला गादीमास्तर म्हणतात. मी धाकटी बहीण. माझ्या जिभेमुळे मला तोंडावर कुणी काही म्हणत नाही.

अशा माणसाच्या हाताशी बावीस वर्षं एक सीट येत होती आणि ती त्याने कधी उघडून पाहिली नाही. मी पाहिली होती. बोलले नाही. आज सांगते.

ती सीट डॉक्टरबाईंच्या गाडीतली. डॉक्टरबाई म्हणजे दातांच्या. गाडी त्यांना काकांकडून आलेली, दोनच माणसांची, कापडी टपाची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी हिरवी स्पोर्ट्स कार. ती गल्लीत शिरली की समोरचा न्हावी गिऱ्हाइकाला अर्धवट दाढीवर सोडून बाहेर यायचा. दर दोन वर्षांनी ती आमच्या दारात उभी राहायची, कारण सीट खाली बसलेली असायची. बाई म्हणायच्या, "मास्तर, दोन्ही भरून द्या." मग गुरुवारी दवाखाना बंद ठेवून आमच्या स्टुलावर दिवसभर बसायच्या. बाकीची गिऱ्हाइकं गाडी टाकून जातात, संध्याकाळी येतात. या हलायच्या नाहीत.

दादा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि काथ्या उपसता उपसता हवेबद्दल बोलायचा. त्या दोघांनी मिळून पावसावर जेवढं बोलणं केलं, तेवढं वेधशाळेनेही केलं नसेल. एकदा त्याची दाढ महिनाभर ठणकत होती, तर बसने दुसऱ्या गावी जाऊन काढून आला. म्हणाला, "त्यांच्यापुढे आ करून पडायचं? छे."

बाईंची सीट तो स्वतःच्या हाताने करायचा. शेजारची मला द्यायचा. कधी त्या सीटला बोटही लावलं नाही त्याने. बाईंचं लग्न झालेलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण शेजारी बसायला लग्न कशाला लागतं, असं त्याचं म्हणणं. कुणीतरी बसत असणार, आणि कोण, ते त्याला कळून घ्यायचं नव्हतं. सीट उघडली असती तर वजनापासून खिशापर्यंत सगळं कळलं असतं त्याला.

आणखी एक गोष्ट. इतरांच्या सीटांत तो रबर लावलेला काथ्या घालायचा, तो सात-आठ वर्षं जागचा हलत नाही. बाईंच्या गाडीत मात्र दोन्ही सीटांना सुटा काथ्या. "सुटा मऊ लागतो," म्हणायचा. मऊ लागतो हे खरं. दोन वर्षांत दबतो हेही खरं. मी मान खाली घालून टाके घालत राहायचे.

यंदा बाई आल्या तेव्हा दाराला धरून उतरायलाच त्यांना वेळ लागला. कमरेतली चकती सरकली होती. कमरेच्या डॉक्टरने सांगितलं होतं, सीटा बदला नाहीतर गाडी विका. त्यांनी नव्या सीटा मागवल्याच होत्या. साच्यातल्या फोमच्या, डोक्यामागे उशी, कमरेचा टेकू कमी-जास्त करायला चक्री.

"यांच्याकडे वीस वर्षं बघायला नको, म्हणतात," बाई म्हणाल्या.

दादाने खोक्यावर हात फिरवला. "चांगल्या आहेत," म्हणाला.

दुपारी ताटावर बसला आणि तसाच राहिला. "त्यांची कंबर मी घालवली," म्हणाला.

"आयुष्यभर वाकून लोकांच्या दाढा बघितल्यात त्यांनी. त्याने गेली," मी म्हणाले.

"निम्मी त्याने." मग बराच वेळ भात चिवडत बसला. "वीस वर्षांनी मी चौऱ्याऐंशीचा होईन गं."

मी त्याच्या ताटातला गार भात काढून गरम वाढला.

नव्या सीटा जुन्या गाडीत बसवणं सोपं नसतं. खालची भोकं जुळत नाहीत. सीट उंच, गाडी बुटकी, म्हणून डोकं टपाला लागतं. बाजूच्या गाद्या रुंद, त्यामुळे हँडब्रेक घासतो. दादाने लोखंडी पट्ट्या कापून चौकटी केल्या, तीन वेळा मोडून पुन्हा केल्या. प्रत्येक वेळी बाईंना बसवायचा, क्लच दाबायला सांगायचा आणि बाहेर उकिडवा बसून त्यांच्या गुडघ्याकडे बघायचा. अर्धा इंच खाली, दोन बोटं मागे. एवढं निगुतीनं काम मी त्याला कधी करताना पाहिलं नव्हतं. एक बोल्ट जरी सैल सोडला असता तरी बाई महिन्याभरात परत आल्या असत्या, हे त्यालाही कळत होतं. त्याने सगळे बोल्ट जीव खाऊन आवळले.

गुरुवारी बाई गल्लीला फेरी मारून आल्या. "मास्तर, दुखत नाही," म्हणाल्या. आवाज मात्र दुखल्यासारखाच होता. "आता तुम्हाला माझा त्रास नाही."

"त्रास नव्हता," दादा म्हणाला. बावीस वर्षांत तो याच्यापुढे गेला नाही.

गाडी चालू ठेवून त्या जरा थांबल्या. मग गेल्या.

जुन्या सीटा दुकानातच पडल्या होत्या. काथ्या तरी कामाला येईल म्हणून दादाने त्याच संध्याकाळी बाईंची सीट रिकामी केली, आणि मी हात पुढे करायच्या आत शेजारची ओढून उसवली. तळवा दाबला. मग दुसरा दाबला. काथ्या मी दोन वर्षांपूर्वी भरला होता तसाच फुगलेला होता.

"ही तर दबलीच नाही," तो म्हणाला.

मी कात्री शोधत होते. कात्री हातातच होती.

"मागच्या खेपेला कशी होती?"

"अशीच."

"त्याच्या आधी?"

"अशीच. कायमच अशी. कुणी बसायचंच नाही दादा त्यावर."

"मग दर वेळी दोन्ही भरायला कशाला आणायच्या?"

एवढं विचारून त्याचं त्यालाच उत्तर मिळालं. तो हळूच खाली बसला, त्याच सीटवर.

"तू बोलली का नाहीस?"

"वर दोनच खोल्या आहेत," मी म्हणाले. नवरा गेल्यावर शिलाई मशीन घेऊन मी या घरात आले. तिसरं माणूस आलं तर माझी गादी कुठे, ही भीती होती मला. तेवढ्यासाठी गप्प राहिले. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता मान हलवून अंगावरचा काथ्या वेचत बसला.

मी लगेच बाईंना फोन लावला. नव्या सीटांचे बोल्ट पाचशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा आवळावे लागतात. हे खोटं नाही, कुणालाही विचारा. त्यांना पुन्हा हेलपाटा नको म्हणून दादाने ते सांगितलंच नव्हतं.

बाईंनी ऐकून घेतलं. "शेजारच्या सीटचेही?"

"तिचेच आधी. तिच्यावर माणूस बसवून गाडी फिरवावी लागते. त्याशिवाय कळत नाही."

"कोण बसतं?"

"दादा बसतो," मी म्हणाले.

दादा माझ्याकडे बघत होता, मूठभर काथ्या हातात धरून.

"पाचशे व्हायला मला वर्ष लागेल," बाई म्हणाल्या. "उद्या शुक्रवार आहे. उद्याच आले तर चालेल का?"