पुढच्या पायांखालच्या फरश्या

रघुवीररावांना आयुष्यात मनापासून कौतुक वाटलं ते एकाच माणसाचं, आणि तो माणूस म्हणजे ते स्वतः. भोरला जमीन मोजणीच्या खात्यात त्यांनी चौतीस वर्षं सर्व्हेअर म्हणून काढली. गावोगावचे बांध मोजता मोजता त्यांची अशी खात्री झाली की जगात सरळ उभा असलेला माणूस एकच आहे, बाकी सगळे कलंडलेले. त्यांच्या बायकोनं, सौदामिनीबाईंनी, ही खात्री लग्नापासून ऐकली होती. पहिली काही वर्षं त्यांनाही ती खरी वाटली, नंतर फक्त ऐकू येत राहिली.

निवृत्तीनंतर लोक गुडघे दाखवायला जातात किंवा बागेला पाणी घालतात. यांनी पुण्याहून पिनबॉलचं मशीन आणलं. एका जुन्या साहेबाच्या मुलाकडे तसलं मशीन पाहिलं होतं, आणि त्याच्याकडे आहे ते आपल्याकडे नाही हे यांना सोसवेना. चार पायांवर उभी लांब पेटी, वर काच, आत पुढे उतरत आलेली फळी. स्प्रिंग ओढून स्टीलची गोळी वर मारायची आणि खाली येईल तशी दोन बाजूंची बटणं दाबून रबरी पात्यांनी परत उडवायची. पात्यांमधून निसटली की गेली. अशा तीन गोळ्या. मागच्या उभ्या फळीवर कुठल्याशा इंग्रजी बँडचे चार केसाळ बाप्ये गिटारी घेऊन उभे होते, आणि गोळी नेमक्या जागी बसली की ते गायला लागत. ते गाणं म्हणजे, सौदामिनीबाईंच्या मते, पिठाच्या गिरणीत कुणाचं तरी बोट सापडल्याचा आवाज. रघुवीररावांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी ते मान डोलवत. ते बघून बाईंना त्यांची कीवसुद्धा यायची नाही.

मशीन लावायला आलेली पोरं पायांचे स्क्रू फिरवून, मोजून, हात लावू नका म्हणून बजावून गेली. महिनाभर यांची गोळी काही टिकली नाही. असली मशीनं बाळगणाऱ्या पुण्याच्या लोकांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. तिथं लोक आपल्या गुणांचे कोटींचे आकडे टाकत आणि यांची मजल लाखांपुढे जाईना. आपल्याला खेळता येत नाही हा विचार रघुवीररावांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. त्यांनी पाहिलं, पेटी पुढच्या बाजूला कललेली आहे. त्यांना आनंदच झाला. शेवटी सगळं जग तिरकं आणि सरळ करायला आपणच.

वरवे बुद्रुकचा गेनबा गवंडी तेव्हा त्यांच्या मागच्या मोरीचं काम करत होता. त्याला हाक मारून त्यांनी पेटीच्या खालच्या कडेला पाणसळ लावायला सांगितली. बुडबुडा मध्यावर येईपर्यंत पुढच्या दोन पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे घाल, म्हणाले. गेनबानं वाकून आत पाहिलं, गोळी हातानं सोडून पाहिली आणि मान हलवली.

"सायेब, ह्यो उतार मुद्दाम दिल्याला हाय. भाताच्या खाचराचं पानी जसं बेतानं उतरवत्यात, तसा. फरशी घातली तर गोळी नुस्ती रेंगाळंल. मला न्हाई पटत."

त्यावर रघुवीररावांनी त्याला चौतीस वर्षांची नोकरी ऐकवली आणि सांगितलं तेवढंच काम करायला बजावलं. गेनबानं फरश्या घातल्या. स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसलेल्या सौदामिनीबाईंनी हे सगळं ऐकलं. असलीच वाक्यं त्यांनी पूर्वीही एकदा ऐकली होती.

पंचवीस वर्षांपूर्वी गुंजवण्याच्या एका मोजणीत यांनी भलत्याच दगडापासून सुरुवात केली होती. मोजणीची साखळी धरणारा रोजंदारीवरचा कुमार त्यांना म्हणाला होता की हा हद्दीचा दगड नव्हे, गुरं बांधायचा आहे. त्या संध्याकाळी घरी येऊन यांनी ते हसत हसत सांगितलं होतं, एक साखळीवाला मला शिकवतो म्हणून. पुढे तक्रार झाली, चौकशीला आलेले साहेब याच घरात चहाला बसले, आणि यांनी बिनदिक्कत सांगून टाकलं की दगड कुमारनंच दाखवला. चहाचा ट्रे सौदामिनीबाईंच्या हातात होता. त्या मूग गिळून उभ्या राहिल्या. कुमारचं काम गेलं. त्याची बायको चंद्राबाई बाजाराच्या दिवशी भोरला तांदूळ विकायला बसायची, आणि ती दिसली की बाई लाजेनं शेजारच्या गल्लीत वळायच्या. पंचवीस वर्षं वळत होत्या.

फरश्या घातल्यावर गोळी म्हाताऱ्या बैलासारखी चालायला लागली. आकडा बेचाळीस कोटींवर गेला. रघुवीररावांनी ग्रुपवर फोटो टाकला, मग मशीनशेजारी स्वतः उभं राहून आणखी एक टाकला. गल्लीत, बँकेत, दूध घालायला येणाऱ्यापुढेसुद्धा त्यांनी हा टेंभा मिरवला. ग्रुप चालवणाऱ्या श्रावणीनं रविवारी ग्रुपमधल्या दोघांना घेऊन भोरला यायचं ठरवलं. आकडा खरा निघाला तर ग्रुपच्या यादीत यंदा पहिलं नाव यांचं लागणार होतं.

रविवारी ती तिघं आली. गेनबा मागे मोरीच्या गिलाव्याचा शेवटचा हात मारत होता. श्रावणीनं खेळायच्या आधी खाली वाकून पाहिलं, फरशीच्या तुकड्यांना बोट लावलं आणि शांतपणे सांगितलं की उतार निम्म्यावर आलाय, यावर कुणीही कोटींचा आकडा गाठेल, हा आकडा धरता येणार नाही. बरोबरच्या दोघांनी पेटी उचलून फरश्या काढल्या. मग रघुवीररावांना खेळायला लावलं. पहिलं गाणं धड सुरू व्हायच्या आत त्यांच्या तिन्ही गोळ्या संपल्या. पाहुणे भलतीकडेच बघायला लागले.

रघुवीरराव खाकरले. आमच्या गवंड्याचा अडाणीपणा, म्हणाले, मी उतार राखायला सांगितला होता. आणि त्यांनी गेनबाला आत बोलावलं.

गेनबा थापी हातात घेऊनच आला. याच गल्लीतली पुढची दोन कामं त्याला साहेबांच्या शब्दावर मिळायची होती. फरश्या कुणी घातल्या, असं साहेबांनी चारचौघांत विचारलं, तेव्हा त्यानं आधी फरश्यांकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे.

"म्याच घातल्या. चुकलं आसंल, सायेब."

चहाचा ट्रे या वेळीही सौदामिनीबाईंच्याच हातात होता. त्यांनी तो मशीनच्या काचेवरच ठेवला.

"गेनबा नको म्हणाला होता," त्या श्रावणीला म्हणाल्या. "गोळी रेंगाळेल हेही त्यानंच सांगितलं होतं. यांनी हट्टानं घालायला लावल्या. मी त्या दारात बसले होते." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि गुंजवण्याचा दगडही कुमारनं दाखवला नव्हता."

पाहुण्यांना दगडाचं काही कळलं नाही. रघुवीररावांना कळलं. ते बटणांवर हात ठेवून तसेच उभे राहिले, आणि थोडा वेळ कुणी खेळलं नाही की मशीन आपणहून वाजतं, तसे ते चार केसाळ बाप्ये आपले आपणच ओरडायला लागले. बाईंनी गेनबाला खुर्चीवर बसवून पहिला कप दिला. त्याला त्याच्या पुढच्या दोन कामांची काळजी लागली असावी, कारण त्यानं तो घाईघाईनं संपवला.

बाजाराच्या दिवशी सौदामिनीबाई शेजारच्या गल्लीत वळल्या नाहीत. चंद्राबाईच्या पोत्यासमोर खाली बसल्या आणि मान वर न करता सगळं सांगून टाकलं, दगडाचं, चहाचं, आपल्या गप्प बसण्याचं. बोलून झाल्यावर त्यांना हलकं वाटत होतं. खरं सांगायचं तर स्वतःचं थोडं कौतुकही वाटत होतं.

चंद्राबाईनं तांदळातला हात काढला नाही.

"आमाला म्हाईत व्हतं, बाई," ती म्हणाली. "तुमी कवा सांगताय, तेच बघत व्हतो."

मग तिनं मागच्या गिऱ्हाईकाला किती किलो देऊ म्हणून विचारलं.