तीन राण्या टाकणारे काका

जिंकायची पानं हातात असताना हरल्यासारखा उठणारा माणूस उभ्या गिरणगावात एकच होता, आणि तो लालबागला आमच्या चाळीत, बरोबर आमच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर राहत होता. गिरणीत कापड विणायचे साचे चालवत, म्हणून सगळे त्यांना साचेवाले काका म्हणत. मी पत्रकं लिहिणारा माणूस, गोड लिहायची सवय नाही. म्हणून सरळच सांगतो, या काकांचा मला जितका राग आला तितका मुंबई आम्हाला नाकारणाऱ्यांचाही आला नसेल. आणि तो राग साफ चुकीचा होता.

कुठलीही गोष्ट शेवटापर्यंत ताणायचं काकांना वावडंच होतं. कोळणीशी अर्धा तास घासाघीस करून ती एकदाची त्यांच्या भावाला आली, की तिच्या तोंडाकडे बघत "ऱ्हवांदे, बांगडो शिळो आसा" म्हणून रिकामी पिशवी हलवत परत येत. काकू कपाळाला हात लावी. पण तेच बांगडे घेणारे शेजारी दुसऱ्या दिवशी सकाळी संडासाच्या रांगेत घाईने उभे दिसत. नाटकाला गेले तर ऐन रंगात उठत, का, तर नायकाचा आवाज आता बसणार हे त्यांना कळलेलं असे. गिरणीत तर धागा तुटायच्या आधीच साचा थांबवत. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, धावत येऊन ओरडे, "काय झालं?" काका शांतपणे म्हणत, "अजून काय नाय. होतला."

पत्त्यांतही तेच. श्रावणात आमच्या गॅलरीत तीन पत्तीचा डाव पडे, पैशांवर नव्हे, चिंचोक्यांवर. प्रत्येकाला तीन पानं, ज्याची मोठी त्याचे मधले चिंचोके, आणि चिंचोके संपले की माणूस उठला. काका आपली पानं एकदाच बघत आणि पालथी ठेवत. नंतर सगळा वेळ समोरच्याला न्याहाळत. कुणाचा कान लाल झाला, कुणी विझलेली विडी ओढतोय. मग एकाएकी "पॅक" म्हणून पानं टाकून देत. "काका, चांगली पानं होती ना?" असं विचारलं तर म्हणत, "झिला, आपल्या हातात काय आसा ता पोरगो सुद्धा बघता. समोरच्याक काय गावला ता बघूक व्हया." मला हे भित्र्याचं तत्त्वज्ञान वाटे.

मुंबईसह महाराष्ट्राची चळवळ पेटली होती त्या वर्षी शाहिरांचा एक जलसा आमच्या भागाला मिळाला आणि तो आमच्या चौकात व्हायचा की शेजारच्या चाळीच्या, यावरून हातघाईची वेळ आली. शेवटी ठरलं, दोन्ही चाळींनी तीन पत्ती खेळायची, जी जिंकेल तिच्या चौकात जलसा. रविवारी दुपारी डाव बसला. एकेक जण उठत गेला आणि शेवटी उरले आमचे काका आणि शेजारच्या चाळीतला एक शिंपी. हा शिंपी मशीन नसतानाही मशीन चालवल्यासारखा सारखा गुडघा हलवी. काकांचं पारडं किंचित जड होतं. तेवढ्यात शिंप्याने आपले सगळे चिंचोके पुढे लोटले. काकांनी त्याच्याकडे बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाले, "पॅक."

टाकलेली पानं उलटायची नाहीत असा नियम आहे. मी उलटली. तीन राण्या! चाळीस वर्षांत कुणाला लागल्या नसतील अशा तीन राण्या त्या माणसाने मातीत घातल्या होत्या.

"उठा!" मी ओरडलो. "तुमच्यासारख्यांमुळेच दिल्लीवाले शेफारलेत!"

"बस तू," काका म्हणाले आणि खरंच उठले. जागा चाळीची होती, त्यामुळे खेळाडू बदलायला कुणाची हरकत नव्हती. मी बसलो. दुसऱ्याच डावात तिन्ही पानं बदामाची आली, मी सगळे चिंचोके लोटले, आणि शिंप्याने ओळीची, म्हणजे एका रंगाच्या पानांना मारणारी, तीन पानं मांडली. जलसा शेजारी झाला. डफाचा आवाज आमच्या चौकात नीट ऐकू येत होता, हे आणखी वाईट.

चाळीच्या फळ्यावर सूचना मी लिहीत असे. त्या संध्याकाळी मी लिहिलं, "तीन राण्या हातात असून पाठ दाखवणाऱ्यांच्या जिवावर मुंबई मिळत नसते!" अक्षर माझं चांगलं आहे. महिनाभर ते कुणी पुसलं नाही. पोरं काकांना जिन्यात "पॅक काका" म्हणू लागली आणि काका गॅलरीत बसायचे थांबले.

पुढे मोर्चाचे झेंडे शिवायला त्याच शिंप्याकडे गेलो. "काय पुढारी, काका खेळत नाहीत हल्ली?" तो म्हणाला. "अरे, त्या दिवशी माझ्याकडे तीन राजे होते. बायको म्हणते, पान चांगलं आलं की माझा गुडघा थांबतो. त्यांनी तेच बघितलं असणार."

मी तसाच वर काकांकडे गेलो. "त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"टाकलेल्या पानांवर बोलूचा नसता," काका म्हणाले. मग चहाची बशी फिरवली. "तू फळ्यार लिवशील? चार अक्षरां. पोरां जिन्यात बोलतत, ता तुझ्या काकूक बरां वाटणा नाय."

"उद्याच लिहितो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सभा होती, नंतर हरताळ, नंतर वर्गणीचं आवाहन. फळा लहान होता आणि महाराष्ट्र मोठा. रोज सकाळी पहिल्या पाळीला जाताना काका फळ्यापाशी थांबत. वाचन बेताचं, म्हणून ओळीखाली बोट फिरवत वरपासून तळापर्यंत सगळं वाचत, डबा सावरत आणि निघून जात. वर्षभर हे चाललं, ते गिरणी सोडून गावाला जाईपर्यंत. मी मित्रांना अभिमानाने सांगत असे, बघा, काकांनासुद्धा आता चळवळीची गोडी लागली.