टोपलीतलं यंत्र

लठ्ठपणा आणि शारीरिक हालचालींच्या पाहणीसाठी मी २०१६ साली तलासरी तालुक्यात फिरत होते. उधव्याजवळच्या पाड्यावर वालाच्या शेंगा विकणाऱ्या एका मावशींना मी पावलं मोजायचं यंत्र दिलं आणि आठवडाभर कमरेला लावायला सांगितलं. परत गेले तर आकडा जेमतेम शंभर. यंत्र खुंटीला टांगून ठेवलं असणार, असं धरून मी फॉर्मवर 'हालचाल कमी' लिहिलं आणि जरा रागानेच विचारलं, "मावशी, लावलंच नाही ना?"

"रोज बरोबरच होतं की," त्या म्हणाल्या. "कमरेवरून वाटेत पडलं असतं तर? दुसऱ्याची वस्तू. फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवत होते."

मला पटलं नाही. त्यांचं यंत्र शून्यावर आणून मी पुन्हा टोपलीत ठेवायला दिलं. त्या बाजाराला निघाल्या तशी मीही निघाले, कमरेला दुसरं यंत्र लावून. त्यांच्या डोक्यावर भरलेली टोपली, हातात काढलेल्या चपला. चढावरही मान ढळली नाही. धाप लागून मी दोनदा थांबले. दोन्ही वेळा त्या ओझं न उतरवता माझ्यासाठी उभ्या राहिल्या.

बाजारात पोचल्यावर दोन्ही यंत्रं पाहिली. माझ्या यंत्रावर हजारोंनी पावलं, त्यांच्या यंत्रावर अकरा.

मी माफी मागितली. शेंगा मांडता मांडता त्या हसल्या. "डोक्यावरच्या हंड्यातलं पाणी सांडत नाही, ताई. मग हे कसं हलेल?"

आमच्या यंत्राला फक्त हिसके कळत होते, आणि त्यांच्या चालण्यात हिसका नव्हताच. त्यांच्याच टोपलीवर कागद ठेवून मी ते दोन शब्द खोडले.