नमुन्यात न आलेली आई

रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज थांबत आलं की त्याची घरघर बारीक होत जाते. दुपारचे अडीच वाजलेत. डॉ. वसुधा पेंढारकर जनावरांचे नमुने तपासणाऱ्या आपल्या छोट्याशा लॅबमध्ये टेबलावर हात आडवा टाकते आणि त्यावर डोकं टेकवते. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावते.

डोक्याखाली कागद आहेत. कुत्र्या-मांजरांची पैदास करून विकणाऱ्यांसाठी सरकारनं नियमांचा मसुदा काढलाय आणि त्यावर हरकती-सूचना मागवल्यात. आज शेवटचा दिवस, पाचच्या आत कचेरीत पोचायला हवं. मसुद्यात ‘पुरेशी जागा’ आहे, ‘योग्य आहार’ आहे आणि पानोपानी ‘शक्यतो’ आहे. तीन दिवस खपून वसुधानं एकच ओळ लिहिली आहे: ‘नम्र सूचना अशी की’. पैदासवाल्यांच्या संघटनेनं मात्र तीस पानं केव्हाच दिलीत. सोबत पुरावा म्हणून वसुधाचाच दोन वर्षांपूर्वीचा अहवाल जोडलाय. पाच पिल्लं, मृत्यूचं कारण पार्वो विषाणू, खाली तिची सही. म्हणजे दोष विषाणूचा, मग आमची तपासणी कशाला, असं त्यांचं म्हणणं.

घरघर थांबते.

“झोपला जनू, डॉक्टरीणबाई?”

दारात इंदूबाई शेलार उभ्या आहेत. हायवेवरच्या पैदासीच्या फार्मवर पिंजरे धुणाऱ्या. ती पाच पिल्लं बिस्किटाच्या खोक्यातून त्यांनीच आणली होती. गेल्या साली तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या, हे वसुधाला ठाऊक आहे. तरी तिला नवल वाटत नाही.

“या ना, इंदूबाई. बसा.”

“बसाया न्हाई आले. पिल्लं आनली त्या दिशी म्या काय म्हनलं हुतं?”

“आईचंही लिहा म्हणालात.”

“आन् तुमी?”

वसुधाला ते शब्द जसेच्या तसे आठवतात. “ती नमुन्यात नाही. फॉर्ममध्ये तिला रकाना नाही.”

“फारम कुनी छापला?”

लॅबमधला फ्रीज गुरगुरतो. वसुधा खाली बघते. “मी.”

“मंग?”

विषाणू होता, हे खरंच आहे. पण आईला कधी लस टोचलेली नव्हती. अंगात ताकद नव्हती, पहिल्या दुधाचा चीक धड आला नव्हता, म्हणून पिल्लांना कसलंच कवच नव्हतं. हे वसुधाला तेव्हाही कळत होतं. तिनं लिहिलेला शब्दन् शब्द बरोबर होता आणि अहवाल खोटा होता.

इंदूबाई फ्रीजचं दार उघडतात. आत वाढदिवसाचा हॉल आहे. फुगे, केक, टोपलीत लाल रिबीन बांधलेलं पिल्लू. सगळ्यांचे मोबाइल वर. पांढऱ्या बुटांतला फार्मचा मालक कार्डं वाटतोय.

“आई इम्पोर्टेड आहे. चॅम्पियन लाइन!”

“आई कुठे आहे?” वसुधा विचारते.

सगळे हसतात. मालकही हसतो. “फार्मवर, मॅडम. तिला माणसांची सवय नाही.”

“अहो, ती चपट्या नाकाची मांजर पण मिळते का? रीलमध्ये असते ती?” जरीची साडी नेसलेली बाई विचारते.

“मिळते की! बुकिंग करून ठेवा.”

त्या नाकातून तिला श्वास घेता येत नाही हो, असं वसुधाला ओरडायचंय, पण आवाज फुटत नाही. समोरच्या भिंतीवर सोनेरी चौकटीत तिचा अहवाल लावलेला.

“हार तेवढा ऱ्हायलाय,” इंदूबाई म्हणतात.

हॉलच्या गालिच्याची लोखंडी जाळी झालीय. वर तापलेला पत्रा. पिंजऱ्यांवर पिंजरे, तीन मजले. वरच्या मजल्यावर मांजरी, खाली कुत्र्या. डोळ्यांत पाणी येईल असा वास.

“चपला काडा.”

“लागेल हो.”

“तिला लागत नसंल?”

पिंजऱ्यात एक तपकिरी कुत्री उभी आहे. पंजे फाकलेले, बरगड्या मोजता याव्यात अशा, स्तन लोंबलेले. वसुधा चपला काढते आणि जाळीवर उभी राहते. तार तळव्यात रुतते.

“घान खाली गळावी म्हनून जाळी. झाडलोट सोपी. खालच्याच्या डोस्क्यावर पडतीया, ते कोन बगतंय?”

“हिचं नाव काय?”

“अकरा नंबर. तुमच्या त्या पाच पिल्लांची आई. म्या ठमी म्हनायची. दर माजाला लावायचे हिला, एक खेप चुकवली न्हाई. शेवटाला पिल्लं अडली. मालक म्हनला, हिच्यापायी आता दवाखाना कशाला.”

आता वसुधाला आवाज फुटतो. आपला आवाज इतका मोठा आहे, हे तिलाच माहीत नव्हतं. “चहाच्या टपरीला परवाना लागतो, सलूनला लागतो! इथं ‘पुरेशी जागा’? पुरेशी कुणाला? किती फूट? आयुष्यात किती वेळा व्यायचं, हे कुणी का लिहीत नाही? न सांगता येऊन दार उघडणारा माणूस का नाही?”

“यायचे की एक-दोनदा. पर आदी फोन यायचा.” इंदूबाई पदर तोंडाला लावतात. “मंग मी फिनेल मारायची आन् रोगट असतील त्यास्नी मागल्या मोरीत कोंडायची. म्याच कोंडायची, बाई. मालकाचा हात न्हाई लागला कदी. तुमी लिवलं न्हाई, म्या कोंडलं.”

ठमी वसुधाच्या अंगठ्याचा वास घेते.

“किती वेळ उभं राहायचं, इंदूबाई?”

“ती चार वर्सं हुती. तुमास्नी लिवाया किती लागंल तेवडंच. आन् ते नम्र-बिम्र नगं.”

वसुधा डोळे उघडते. सव्वातीन. सेंट्रिफ्यूज केव्हाचं गार झालंय. ती उठू बघते आणि कळवळून पुन्हा बसते.

ती पाऊल मांडीवर घेते. टाचेपासून बोटांपर्यंत लाल चौकोन उमटलेत, एकाला एक लागून. टेबलाखाली निघून पडलेल्या चपला आहेत आणि पांढरी, गुळगुळीत फरशी. ती ड्रॉवरमधून पट्टी काढते आणि मोजते. अडीच सेंटीमीटर. दुसऱ्या पावलावरही अडीच. कारण काय असेल ते असो. मोजमाप चुकलेलं नाही.

‘नम्र सूचना अशी की’ वर ती काट मारते आणि लिहू लागते.

‘पिंजऱ्याचा तळ सलग असला पाहिजे, अडीच सेंटीमीटरच्या जाळीवर जनावर उभं ठेवणं हा गुन्हा ठरवा. मादीची कमाल बाळंतपणं आकड्यात लिहा. तपासणी पूर्वसूचनेशिवाय करा, मोरीचं दारही उघडून बघा. मेलेल्या पिल्लांच्या अहवालात आईची तपासणी नसेल, तर तो अहवाल ग्राह्य धरू नका. संघटनेनं जोडलेला माझा अहवाल याच कारणानं अपुरा आहे. चूक माझी आहे. तो मी मागे घेत आहे.’

सही करून ती उठते. चपलेत पाय घालवत नाही. चपला एका हातात, कागद दुसऱ्या हातात घेऊन ती एकेक पायरी सावकाश उतरू लागते.